पाणवठ्याची वाट
(अध्यक्षीय भाषण)





या परिषदेचे निमंत्रण टपालाने माझ्या हाती आले, तेव्हा आतला मजकूर वाचण्यापूर्वी पाठविणाऱ्याच्या पत्त्यावरच माझी दृष्टी खिळून राहिली. 'मौजे उंबरमाळी, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे' असा तो पत्ता होता. आणि ज्या भाषेविषयी बोलण्यासाठी आपण मला येथे पाचारण केले, त्या भाषेचे तीन शब्द त्या एका ओळीत आपण होऊन हजर होते. मौजे हा मूळचा अरबी 'मौज़िअ', म्हणजे ठिकाण. जिल्हा हा अरबी 'ज़िल्अ', म्हणजे बरगडी आणि त्यावरून कूस, बाजू. तालुका हा शब्द ज्या ऐन-लाम-काफ या धातूपासून निघाला, त्याचा अर्थ चिकटून असणे, लगटून राहणे, संबंध असणे असा आहे. आणि हिरा डोंगरावरील गुहेत प्रेषितांवर जी पहिली वचने उतरली, ती ज्या सूरेत ग्रथित आहेत, तिचे 'अलक' हे नाव याच धातूपासून झालेले आहे. तलाठ्याच्या दप्तरात आणि सातबाराच्या उताऱ्यावर जो शब्द आपण जन्मभर निर्विकारपणे वाचत आलो, त्याचे सख्खे भावंड कुराणाच्या अवतरणाच्या पहिल्याच दिवशी उच्चारले गेले होते, हे ध्यानात आल्यावर त्या दिवशी मला दुसरे काही काम सुचले नाही. आज मी जे काही सांगणार आहे, ते सारे त्या पाकिटावरच्या पत्त्यातून निघाले आहे.

उंबरमाळी हे खर्डी आणि कसारा या दोन स्थानकांच्या मधले, थळ घाटाच्या पायथ्याकडचे गाव. शेजारचा मुरबाड तालुका नाणेघाटाच्या पायथ्याशी वसलेला. जुन्नर-पैठणकडे जाणारा आणि तिकडून बंदरावर येणारा माल सातवाहनांच्या काळापासून या घाटवाटांनी चढला-उतरला, आणि खाली कल्याण, ठाणे, सोपारा येथे ज्यांची गलबते नांगर टाकीत, त्यांत अरब व्यापाऱ्यांची गणना पुढे फार मोठी झाली. बगदादेत जन्मलेला इतिहासकार अल्-मसऊदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, चौलास आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान त्या एका बंदरात राहत असल्याचे त्याने नमूद करून ठेविले आहे. राष्ट्रकूटांच्या राज्यात, आपली घरे व मशिदी बांधून, येथल्याच लोकांच्या बोलीत व्यवहार करीत ही वस्ती नांदली. देशावरचा मुसलमान बहुतांशी हनफी मताचा आणि कोकणातला शाफिई मताचा, हा भेद याच समुद्रवाटेची खूण आहे. फजरच्या नमाजेत आपण जी कुनूतची दुआ म्हणतो, इमामामागे उभे असतानाही प्रत्येकाने फातिहा, म्हणजे कुराणाची पहिली सूरा, स्वतः म्हटलीच पाहिजे असा जो आपला दंडक आहे, तो दिल्लीहून खुष्कीने आलेला नाही. तो पाण्यावरून आला आहे.

पाण्याचा उल्लेख आला म्हणून येथे थोडा थांबतो. शहापूर तालुक्यातील माणसाला 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. तानसाचे पाणी 1892 पासून आणि भातसाचे त्यानंतरच्या काळात मुंबईच्या घराघरांत पोहोचले. आणि ज्या डोंगरांनी ते पाणी अडवून धरले, त्यांच्याच कुशीतल्या पाड्यांवरील बाया चैत्र-वैशाखात डोक्यावर तीन तीन हंडे घेऊन कोरड्या ओढ्यात झिरे उकरताना आपण पाहतो. 'शरीअत' या शब्दाचा मूळ अरबी अर्थ पाणवठ्याकडे जाणारी वाट असा आहे. वाळवंटातील माणसाला जीव वाचविणारी म्हणून जी वाट माहीत होती, तिचेच नाव त्याने धर्माच्या मार्गाला दिले. आता आपल्या घरात दृष्टी टाका. कुराण नाही असे घर आपल्यात सापडणार नाही. ते स्वच्छ जुजदानात गुंडाळून, घरातील सर्वांत उंच फळीवर, कोणाचा पाय वा पाठ त्याकडे होणार नाही अशा जागी आपण आदराने ठेवितो. रमजानमध्ये ते रेहलवर उघडतो. लग्नात मुलीच्या हाती देतो. मयताच्या घरी तीस पारे वाटून घेऊन एका बैठकीत पूर्ण करतो. आणि त्यातील एका ओळीचाही अर्थ विचारला, तर आपल्यापैकी बहुतेकांना खाली मान घालावी लागते. धरण उशाला आहे.

माझी आई अर्थ न समजता कुराण वाचीत असे. पहाटेची कामे उरकल्यावर ती पदर डोक्यावर घेऊन बसे आणि उजव्या हाताची तर्जनी ओळीखालून उजवीकडून डावीकडे इतक्या सावकाश नेई की, ते बोट शब्दाला चाचपून पाहत आहे असे वाटावे. एखाद्या जोडाक्षरावर ती अडे, मागे येई, पुन्हा म्हणे. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट पुण्य आहे, असे प्रेषितांचे सांगणे हदीसमध्ये आले आहे, आणि त्या दुप्पट पुण्याची ती अधिकारी होती याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. तेव्हा अर्थावाचून नाजरा वाचणाऱ्या आपल्या आयाबहिणींना मी आज उणे लेखीत आहे, असा समज कृपा करून कोणी करून घेऊ नये. माझे दुःख निराळे आहे. जिने एवढ्या निष्ठेने ते बोट फिरविले, तिला त्या ओळी काय सांगतात हे कोणी कधी सांगितले नाही. आणि मी, तिचा शिकलेला मुलगा, तोही सांगू शकत नव्हतो.

माझ्या स्वतःच्या अज्ञानाची एक हकीकत येथे सांगणे मला कर्तव्य वाटते. लहानपणी मी 'अल्हम्द', म्हणजे फातिहा, शिकलो, ती देवनागरीत छापलेल्या एका पातळ पुस्तिकेवरून. फातिहेच्या शेवटच्या आयतीत 'अन्अम्त' असा एक शब्द आहे, त्याचा अर्थ 'तू कृपा केलीस'. शेवटच्या 'ते' या अक्षरावर जबर, म्हणजे अकाराची खूण, आहे. त्या पुस्तिकेत मुद्रणदोषाने तेथे उकार पडला होता आणि मी 'अन्अम्तु' असे पाठ केले. जबरच्या जागी पेश आला, एवढाच फरक. परंतु अरबी व्याकरणात त्या एका स्वराने कर्ता पालटतो आणि अर्थ 'मी कृपा केली' असा होतो. पाच वेळच्या फर्ज नमाजांच्या सतरा रकाती, प्रत्येक रकातीत फातिहा, म्हणजे दिवसाला सतरा वेळा आणि वर्षाला सहा हजारांहून अधिक वेळा मी परमेश्वरासमोर हात बांधून उभा राहून त्याला सांगत होतो की, कृपा करणारा मी आहे. हे वर्षानुवर्षे चालले. पुढे एकदा प्रवासात एका लहानशा गावी फजरला थांबलो असता तेथल्या वृद्ध इमामसाहेबांनी नमाजेनंतर मला जवळ बसवून फातिहा म्हणावयास सांगितली. त्या शब्दाशी येताच त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेविला आणि अगदी हळू आवाजात विचारले, "बाबा, देणारा कोण? तू की तो?"

मी काही बोलू शकलो नाही. त्यांनी मला तो शब्द दहा वेळा म्हणावयास लाविला. मागच्या नमाजांचे काय, असे मी भीत भीत विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अजाणतेपणी झालं ते अल्लाह माफ करील. पण आता तू जाणता झालास." त्या पहाटेपासून मी अरबीचा विद्यार्थी आहे.

शाफिई फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत हेच उदाहरण दिलेले मला नंतर आढळले. फातिहेत चौदा तश्दीदी, म्हणजे व्यंजन दुहेरी करणाऱ्या खुणा, आहेत आणि त्यांतील एकही सोडता कामा नये, असे आपले फकीह सांगतात. कारण 'इय्याक' म्हणजे 'तुझीच', पण तेथील तश्दीद गळाली की उरणाऱ्या 'इया' या शब्दाचा अरबीत सूर्यप्रकाश असा अर्थ होतो, आणि एका परमेश्वराची भक्ती करतो म्हणणारा माणूस नकळत सूर्याच्या उजेडाला हात जोडून मोकळा होतो. 'कल्ब' हा शब्द घशाच्या मुळाशी असलेल्या काफने म्हटला तर हृदय, आणि पुढच्या साध्या काफने म्हटला तर कुत्रा. देवनागरीत हे दोन्ही शब्द सारखेच उतरतात. आपल्या लिपीचा मला अभिमान आहे, परंतु ज्या ध्वनीसाठी ती घडली नाही, ते तिच्यावर लादणे हा तिच्यावरही अन्याय आहे. मराठी माणसाची जीभ या कामी असमर्थ आहे, असे मात्र मी मानीत नाही. 'चार' आणि 'चाक', 'जग' आणि 'जहाज' यांतील दोन च आणि दोन ज आपण एकाच अक्षराने लिहितो, तरी आपले चार वर्षांचे पोर त्यांत कधी गल्लत करीत नाही. ज्या कानाला हा भेद अक्षराच्या साहाय्यावाचून कळतो, त्या कानाला मखरज, म्हणजे अक्षरांची उच्चारस्थाने, हीही कळतील. समोर बसून म्हणून दाखविणारा मात्र हवा.

ज्यांच्या मताचे आपण अनुयायी, ते इमाम शाफिई हिजरी 150 मध्ये जन्मले आणि 204 मध्ये, म्हणजे इसवी सन 820 मध्ये, मिसर देशात वारले. धर्मशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील आपल्या 'अर्-रिसाला' या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले आहे की, शहादत उच्चारता यावी, ईश्वराचा ग्रंथ वाचता यावा, आणि तक्बीर, तस्बीह, तशह्हुद हे जे जे नमाजेत आवश्यक आहे ते म्हणता यावे, एवढे अरबी आपल्या शक्तीच्या पराकाष्ठेपर्यंत शिकणे हे प्रत्येक मुसलमानाचे कर्तव्य आहे. या विधानातील 'प्रत्येक' हा शब्द आपण नीट ऐकावा, अशी माझी प्रार्थना आहे. मौलवीने शिकावे आणि इतरांनी त्याच्यामागे उभे राहावे, असे त्यांनी म्हटले नाही. कोकणातील भात लावणारा, गवताची गंजी रचणारा, कसाऱ्याहून पहाटेची गाडी पकडून मुंबईस नोकरीला जाणारा, चूल सांभाळणारी, या सर्वांवर ते कर्तव्य त्यांनी ठेविले, आणि त्याला शक्तीची मर्यादाही लावून दिली.

इमाम अबू हनीफा यांची भूमिका आरंभी निराळी होती. ते स्वतः इराणी वंशाचे. नमाजेत फारसीतून पठण केले तरी चालेल, असे मत त्यांच्या नावावर नोंदलेले आहे; परंतु त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी ती सवलत ज्याला अरबी उच्चारताच येत नाही अशापुरती मर्यादित केली, आणि गुरूही पुढे त्याच मताकडे वळले, अशी परंपरा आहे. विसाव्या शतकात तुर्कस्तानात सरकारी आज्ञेने 1932 पासून अजान तुर्की भाषेत देण्यात येऊ लागली. 1950 मध्ये कायद्याची आडकाठी निघाली तेव्हा तेथील मशिदींतून पुन्हा अरबी अजान घुमली. हुकमाने भाषा बदलता येते, परंतु अजान ऐकून ज्याचे पाऊल मशिदीकडे वळते, त्याचे अंतःकरण हुकमाने बदलता येत नाही.

या ठिकाणी एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो, आणि मराठी मुलखात तर तो राहिलाच पाहिजे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणिला आणि या प्रांतातील सामान्य माणसाला आपल्या बोलीत परमार्थ लाभला. मग मुसलमानाने आपल्या ईश्वराशी मराठीत का बोलू नये? ईश्वराला का मराठी येत नाही? माझे उत्तर असे की, त्याने अवश्य बोलावे. नमाजेबाहेर हात पसरून जी दुआ मागावयाची ती ज्याने त्याने आपल्या आईच्या भाषेत मागावी, रडावयाचे तर त्याच भाषेत रडावे. अर्थही मराठीतच समजून घ्यावा, आणि मराठीत तो आणण्याचे जे प्रयत्न झाले आहेत, ते मी शिरोधार्य मानितो. परंतु नमाज ही आपली वैयक्तिक याचना नव्हे. तीत आपण परमेश्वराचे शब्द परमेश्वरालाच परत ऐकवितो, आणि ते एकट्याने नव्हे तर सफेत, म्हणजे रांगेत, खांद्याला खांदा लावून. हजला गेलेला आपला शेतकरी जावाच्या आणि सुदानच्या माणसांमध्ये उभा राहतो. त्या तिघांना एकमेकांचे जेवण मागण्यापुरतेही बोलणे कळत नसते, आणि फातिहा संपताच तिघांच्या मुखातून एकच 'आमीन' निघतो. शिवाय येथे एक मोठा फरक आहे. आपल्या संतांना जी तळमळ लागली, ती विद्या काही जातींपुरती आणि पुरुषांपुरती राखून ठेविली होती म्हणून. अरबीच्या दारावर असा पहारा कधी नव्हता. उलट प्रत्येकाने आत आलेच पाहिजे, असा दंडक होता. दार उघडे असता आपण उंबऱ्यावर बसून राहिलो, याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

अरबी ही अरबांचीच, आपल्याला ती कशी साधणार, असे म्हणणाऱ्यांना मी सीबवैहचे स्मरण देऊ इच्छितो. हा इराणी तरुण बसऱ्यास हम्माद बिन सलमा यांच्यापाशी हदीस शिकत असता त्याने एका शब्दाची विभक्ती चुकविली आणि गुरूंनी त्याला भर वर्गात टोकले. पुन्हा कोणी आपली चूक काढू शकणार नाही असे शास्त्र शिकेन, असा निश्चय करून तो व्याकरणाकडे वळला, आणि त्याने लिहिलेला ग्रंथ आज बाराशे वर्षे केवळ 'अल्-किताब', म्हणजे 'ग्रंथ', या नावाने ओळखला जातो. ज्याला भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली नाही, त्यानेच तिचे नियम सर्वांत नीट न्याहाळले. आपल्या मराठी मुलाला तर आणखी एक सोय आहे. संस्कृत शब्द धातूपासून होतात, हे तो शाळेत शिकतो. अरबीतही तसेच आहे, फक्त तेथील धातू बहुधा तीन व्यंजनांचा. सबंध कुराणातील असे धातू दोन हजारांहूनही कमी आहेत, आणि त्यांतील कितीतरी आपल्या घरात बोलत्या मराठीतून येऊन बसलेले आहेत.

मामलेदार कचेरीत जा. मामला हा अरबी 'मुआमला'; फिकहच्या ग्रंथांचे जे दोन ठळक भाग, इबादात आणि मुआमलात, म्हणजे उपासना आणि व्यवहार, त्यांतील दुसऱ्याचे नाव शहापूरच्या कचेरीने शतकानुशतके चालविले आहे. मामला, अंमल, अंमलदार यांचा धातू एक, आणि कयामतीच्या दिवशी ज्यांचे वजन व्हावयाचे ते 'आमाल' त्याच धातूचे. कागदोपत्री आपण 'मजकूर इसम' लिहितो. मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला तो, आणि 'जिक्र', म्हणजे ईश्वराचे स्मरण, हा त्याचाच सख्खा भाऊ. वाणी हिशेब मागतो. परमेश्वरही तोच मागणार आहे, त्याच शब्दाने. हक्क आणि वकील ही दोन्ही त्याची नावे आहेत. कबूल, मुकाबला आणि किबला यांच्या मुळाशी समोरासमोर येण्याचा एकच अर्थ आहे. जो किबल्याकडे तोंड करतो, तो कबूल होण्याची आशा का धरतो, हे धातू पाहताच उमगते. आणि दिवसातून कित्येकदा आपण ज्या दोन नावांनी आरंभ करितो, त्या रहमान आणि रहीम यांचा धातू तोच, ज्यापासून 'रहिम', म्हणजे आईचे गर्भाशय, हा शब्द झाला. हे मला कळले, तेव्हा माझी आई हयात नव्हती. तिला हे एक वाक्य सांगावयास मिळाले असते, तर त्या बोटाखाली तिला काय सापडले असते, याचा विचार मी अजून करितो.

माधवराव पटवर्धनांनी 1925 मध्ये फारशी-मराठी कोश सिद्ध करून मराठीतील या शब्दांचे मूळ मराठी वाचकाला दाखविले. कवी म्हणून त्यांना सारे ओळखतात. आपल्या मकतबांत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पाठशाळांत, मात्र तो कोश मी कधी पाहिला नाही. गागोद्याला, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी इंग्रजी भाषांतरांवर समाधान न मानता अरबी शिकून मूळ कुराण वाचले, आणि 1962 मध्ये त्यांचे 'कुराण-सार' प्रसिद्ध झाले. मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक असलेले आणि पुढे निजामाच्या चाकरीत हैदराबादेस गेलेले मार्माड्यूक पिक्थॉल यांनी 1930 मध्ये आपले इंग्रजी भाषांतर छापिले, तेव्हा त्याला भाषांतर न म्हणता 'अर्थ' हे नाव दिले, कारण मूळ कुराणाची जागा कोणतेही भाषांतर घेऊ शकत नाही, असे त्यांचे मत होते. एक ब्राह्मण संन्यस्त वृत्तीचा, एक इंग्रज. दोघांनाही जे अवश्य वाटले, ते आपल्याला ऐच्छिक वाटावे काय?

परंतु या साऱ्यांहून आपल्याला जवळचे असे एक नाव आहे, आणि त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने बोलल्यावाचून माझ्याने राहवत नाही. माहीमचे मखदूम फकीह अली यांचा जन्म हिजरी 776 चा, म्हणजे इसवी सन 1374 च्या सुमाराचा. मृत्यू 1431 चा. ते कोकणी, शाफिई, आपल्याच किनाऱ्याचे. त्यांच्या उरुसात मुंबईचे पोलीस मानाचा संदल घेऊन वाजतगाजत जातात, हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. त्यांच्याविषयीची एक कथाही आपल्या आया मुलांना सांगतात : आईने रात्री पाणी मागितले, मुलगा पेला घेऊन आला तो तिचा डोळा लागला होता, आणि ती जागी होईपर्यंत तो पेला हाती धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. संदल आणि कथा आपण जपली. परंतु त्या मुलाने पुढे काय केले? त्याने 'तब्सीरुर्रहमान' नावाचे संपूर्ण कुराणाचे भाष्य अरबी भाषेत लिहिले, आणि ते माहीमच्या खाडीकाठी लिहिलेले पुस्तक सुमारे साडेचार शतकांनी, हिजरी 1295 मध्ये, म्हणजे 1878 साली, कैरोजवळच्या बुलाक येथील प्रसिद्ध छापखान्यात अरबांसाठी छापले गेले. एका आयतीचा पुढच्या आयतीशी कोणता संबंध आहे, हे उलगडीत जाणे ही त्या भाष्याची खास रीत. आणि दुसरी याहून विलक्षण. सूरांच्या आरंभी येणाऱ्या बिस्मिल्लाचा अर्थ ते त्या त्या सूरेच्या आशयाला अनुसरून निराळा लावितात. जे शब्द आपण जेवणाआधी, दार उघडताना, गाडीत पाऊल ठेवताना सवयीने पुटपुटतो, त्यांत शंभराहून अधिक वेळा नवा अर्थ पाहणारा माणूस आपल्या किनाऱ्यावर होऊन गेला. तानसाचे पाणी या तालुक्यातून माहीमपर्यंत जाते. माहीमचा तो ग्रंथ मात्र अजून वर शहापूर-मुरबाडला पोहोचला नाही, आणि त्याला अडविणारे धरण आपल्या अनभ्यासाखेरीज दुसरे कोणते नाही.

आता कर्तव्याचे दोन शब्द. आपल्या मकतबांत शिकविण्याचे माध्यम बहुधा उर्दू असते. उर्दू ही संपन्न भाषा आहे आणि तिच्यात धर्मविद्येचे भांडार आहे, याविषयी वाद नाही. पण या दोन तालुक्यांतील कितीतरी मुले जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जातात आणि घरी आपल्या बोलीत बोलतात. मौलवीसाहेब त्यांना अरबी शब्दाचा अर्थ उर्दूत सांगतात, तेव्हा एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द येतो, आणि मूल दोन्ही पाठ करून मोकळे होते. जे मूल 'हिशेब' जाणते, त्याला 'हिसाब' शिकविण्यासाठी तिसऱ्या भाषेच्या घरावरून नेण्याचे प्रयोजन काय? अरबीचा कायदा, म्हणजे अक्षरओळखीचा पाठ, मराठीतून शिकविणारी पुस्तिका आपल्या शिक्षकांनी आणि हाफिजसाहेबांनी एकत्र बसून तयार करावी. अरबी मजकूर अरबी लिपीतच असावा, देवनागरीत फक्त अर्थ आणि धातूचे नाते द्यावे. व्याकरणाची भीती घालू नये. नमाजेत येणारे सारे निराळे शब्द शे-दोनशेच्या पलीकडे जात नाहीत. प्रथम तेवढेच घ्यावे. आणि मुलींना मुलांबरोबर, आयांना मुलींबरोबर बसवावे. मखदूमसाहेबांना लहानपणी वाढविले, शिकविले ते त्यांच्या आईने, अशी परंपरा आहे.

आरंभ कोठून करावा, याविषयी माझी एक सूचना आहे आणि ती ठराव म्हणून मांडण्याची मुभा अध्यक्ष या नात्याने मी घेतो. आपल्या शाफिई मताप्रमाणे बिस्मिल्ला ही फातिहेची पहिली आयत. ती धरून फातिहेचे शब्द एकोणतीस होतात. येत्या रमजानच्या पहिल्या तारखेपासून तरावीहच्या नमाजेआधी, प्रत्येक मशिदीत, दाराजवळच्या फळ्यावर रोज एकच शब्द लिहावा : मधोमध अरबी, त्याखाली मराठी अर्थ, आणि बाजूला आपल्या बोलीतला त्याचा एखादा नातलग. इमामसाहेबांनी तो तीनदा म्हणावा, जमातीने तीनदा म्हणावा, आणि वहीत उतरवून घेऊन प्रत्येकाने घरी चुलीपाशी बसलेल्या माणसाला सांगावा. पंचविसाव्या दिवशी फळ्यावर 'गैर' हा शब्द येईल, ज्याला 'गैरहजर' आणि 'गैरसमज' यांतून मराठी माणूस लहानपणापासून ओळखतो. एकोणतिसाव्या संध्याकाळी शेवटचा शब्द लिहून झाल्यावर सारे बाहेर येऊन पश्चिमेकडे चंद्र पाहतील. चंद्र दिसला, तर दुसऱ्या दिवशी ईदगाहात फातिहा समजून म्हटली जाईल. ढग आले आणि नाही दिसला, तर तिसावा दिवस उजळणीला मिळेल.